गुळाचा अर्धा खडा

माझ्या नवऱ्याने संडास घासायला घेतला तेव्हा मी सगळ्या गल्लीत सांगत सुटले होते. सांगणारच ना! लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसाने स्वतःचं जेवलेलं ताट उचललेलं मी पाहिलं नव्हतं. पाण्याचा तांब्या हातात द्यायचा, टॉवेल हातात द्यायचा, आणि पायमोजा सापडला नाही की तो मीच खाऊन टाकल्यासारखं माझ्याकडे बघायचं. असा माणूस म्हातारपणी एके दिवशी सकाळी उठला आणि आतून खसाखसा ब्रशाचा आवाज यायला लागला. मग रोजच यायला लागला. शेजारची म्हणाली, "काय हो काकू, काय जादू केली काकांवर?" मी म्हटलं, "गडावरच्या आईला नवस बोलले होते, या वयात पावली बाई एकदाची!" दोघी पोट धरून हसलो.

आता ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो.

आम्ही राहतो सिडकोत. इथून अंबडची एमआयडीसी सायकलने जायच्या अंतरावर, म्हणून तर यांनी इथे घर घेतलं. मी निफाडकडची, द्राक्षाच्या बागेत वाढलेली, मला कंपनीतलं काय कळणार? हे लॅगिंगचं काम करतात एवढंच लग्न ठरवताना सांगितलं होतं. माझ्या वडिलांना वाटलं मोठी काही तरी पोस्ट असेल. लग्नानंतर यांनीच मला समजावून सांगितलं. बॉयलरमधली वाफ पाइपातून जाते, ती वाटेत थंड होऊ नये म्हणून पाइपाला वरून जाड थर द्यायचा. "पाइपाला गोधडी पांघरायची, बस्स," हे म्हणायचे. मी म्हणायचे, "पाइपाला रोज पांघरता, बायकोला कधी पांघरली का?" यावर हे कान लाल होईपर्यंत लाजायचे आणि पेपरात तोंड घालायचे.

ती गोधडी कशाची, तर एका पांढऱ्या मालाची. पोत्यांतून यायचा. कंपनीत सगळे त्याला कापूसच म्हणायचे, म्हणून मीही कापूसच म्हणायचे. पाण्यात कालवून लगदा करायचा, पाइपावर थापायचा, वरून त्याचीच वळलेली दोरी गुंडाळायची. नवं काम ओलं असायचं, त्याचा एवढा त्रास नव्हता. त्रास जुनं काढताना व्हायचा. उन्हाळ्यात साखर कारखान्यांचा हंगाम संपला की यांची टोळी तिकडे जायची आणि बॉयलरवरचा वाळून कडक झालेला थर छिन्नी-हातोडीने फोडून काढायची. त्या दिवसांत हे घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. आमची मुलगी लहान होती, ती दारातून ओरडायची, "आजोबा आले, आजोबा आले!" आणि आम्ही नवरा-बायको हसायचो. बघा, हसण्याचंच सगळं सांगते आहे मी. पण खरंच, तेव्हा या घरात भीती म्हणून नव्हती.

भीती का नव्हती, तर गूळ होता ना!

पाळी सुटताना सुपरवायझर प्रत्येकाच्या हातावर गुळाचा एक खडा ठेवायचा. तशी पद्धतच होती. धुळीचं काम करणाऱ्याने गूळ खायचा, गूळ छातीतली धूळ चिकटवून घेतो आणि खाली उतरवतो. गिरणीवाला सांगेल, खडी फोडणारा सांगेल, सूतगिरणीतला सांगेल, जिथे म्हणून धूळ आहे तिथे हेच सांगतात. तोंडाला बांधलेलं फडकं ही माणसं उकाड्याने हनुवटीखाली ओढायची, पण गूळ कुणी सोडायचं नाही. आमचे हे तर तो खडा तिथे खायचेच नाहीत. कागदात गुंडाळून, वरच्या खिशात घालून घरी आणायचे.

का, तर यांचे कपडे मी झटकायचे. तो खाकी ड्रेस तसाच बादलीत टाकला की पाण्यावर पांढरा थर धरायचा आणि मोरी तुंबायची. मग तारेने मोरी कोण साफ करणार? मीच! म्हणून आधी मागच्या अंगणात जायचं आणि शर्ट-पँट दोन्ही हातांनी धरून सपासप झटकायची. उन्हाची तिरीप असली की ते बारीक तंतू चमकत उडायचे. मुलगी "म्हातारी, म्हातारी" करत त्यांच्यामागे धावायची. रुईच्या बोंडातून उडते ना म्हातारी, तिला तेच वाटायचं. मला ठसका लागायचा. मग हे ओट्यावर बसल्या बसल्या खिशातला खडा काढायचे, दाताने फोडायचे आणि अर्धा माझ्या हातावर ठेवायचे. "खा. तुझ्याही पोटात गेली असेल."

प्रेमाचं गोड बोलणं या माणसाला जन्मात जमलं नाही. तो उष्टा अर्धा खडा हेच यांचं बोलणं होतं, आणि मला ते बरोबर समजायचं. मी तो जिभेवर ठेवून हळूहळू विरघळू द्यायचे.

भीती पहिल्यांदा आली ती यांच्या जोडीदाराच्या घरून. एकाच टोळीतले दोघं, एकाच्या हातात छिन्नी तर दुसऱ्याच्या हातात हातोडी. कंपनी बंद पडली, दोघं घरी बसले, आणि त्या भाऊंना खोकला लागला तो थांबेना. जिना चढताना मध्येच बसायचे. छातीत पाणी झालं, ते काढलं, पुन्हा झालं. त्यांना भेटायला गेलो तर बोलता बोलता श्वास घ्यायला थांबायचे आणि आपण उगाच छताकडे बघायचं. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कामावरची धूळ. भाऊ गेले तेव्हा हे स्मशानातून आले, आंघोळ केली आणि मला म्हणाले, "त्याला गोड आवडायचं नाही. तो गूळ पोरांना वाटून टाकायचा."

एवढंच म्हणाले. पण मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच्या मरणातून आपल्याला धीर मिळाला की तो धीर आपण तपासून बघत नाही. आमच्या यांनी एकही दिवस गूळ चुकवला नव्हता.

तरी हे दर वर्षी छातीचा एक्स-रे काढायला लागले. स्वतःहून. ज्या माणसाला तापात गोळी घे म्हणून हात जोडावे लागायचे, तो एक्स-रेच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. साफ आला की फोन करायचे, "पास झालो गं!" मग आम्ही दोघं स्कूटरवर बसून मिसळ खायला जायचो. हे तर्री जास्त मागून घ्यायचे, नाक पुसत खायचे आणि म्हणायचे, "छाती मजबूत आहे आपली." आम्ही छातीवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला होता. चोर मागच्या दाराने कधीच आत शिरला होता, त्याचा पत्ता नाही.

त्या सकाळी नळाला पाणी आलं नाही. आदल्या दिवशी कुठे तरी पाइपलाइन फुटली होती आणि वरची टाकीही तळाला गेली होती. हे संडासात गेले ते बाहेर येईनात. मी चहा ठेवला, तो निवला, परत गरम केला. शेवटी आतून आवाज आला, "बादलीभर पाणी दे."

"पिंपातलं देते. तेवढंच आहे, जपून वापरा."

"दाराबाहेर ठेव आणि जा तू."

"जा काय जा? मी काय नवी नवरी आहे का लाजायला? चक्कर आली का तुम्हाला?"

माझ्या मनात चक्करच होती, ब्लडप्रेशर होतं, पडले-बिडले तर नाहीत असं होतं. कडी तशीही नीट लागत नव्हती. मी दार ढकललं. हे भांड्याच्या पुढे आडवे उभे होते, लेंगा एका हाताने धरलेला, दुसरा हात माझ्या तोंडापुढे. तरी मला खाली दिसलं. लाल. गुलाबी म्हणावं तर तसंही नाही, चांगलं लाल.

"बीट खाल्लं होतं," हे म्हणाले.

"कुठे?"

यांनी लेंगा आणखी वर ओढला.

"अहो, कुठे खाल्लं बीट? या घरात बीट येत नाही. मातीचा वास येतो म्हणून लग्नाच्या पंगतीत तुम्ही ते पानाच्या बाहेर काढून ठेवता. कुणी खाऊ घातलं तुम्हाला बीट?"

"मग उन्हाळी लागली असेल."

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक उलगडायला लागलं. उन्हाळी लागली म्हणून हे किती तरी दिवस माझ्याकडून धने-जिऱ्याचं पाणी करून घेत होते. सब्जा भिजवून घेत होते. आणि रोज सकाळचा तो ब्रश. ॲसिडची बाटली. बाई गं! मी गल्लीभर नवसाच्या गोष्टी सांगत होते आणि हा माणूस आत रोज रक्त धुऊन काढत होता. माझ्या हातातली बादली कधी पडली कळलंच नाही. घरातलं होतं नव्हतं तेवढं पाणी त्यांच्या पायांवरून वाहून गेलं आणि आम्ही दोघं तिथेच उभे. मला यांना बडवावंसं वाटत होतं आणि घट्ट धरावंसंही वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही.

मुलगी नाशिक रोडला असते, तिला फोन केला, ती तासाभरात आली. तिनेच आम्हाला गंगापूर रोडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफी करणारी बाई आधी छान गप्पा मारत होती, काका कुठले, काका काय करतात. पोटावरून ते यंत्र डाव्या कुशीकडे गेलं आणि ती बोलायची थांबली. मी पडद्याकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. माणूस बोलता बोलता गप्प झाला की समजावं.

मग आणखी एक मोठा स्कॅन झाला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. तरुण होते, आमच्या मुलीच्याच वयाचे असतील. डाव्या किडनीत गाठ आहे म्हणाले. कॅन्सरच दिसतोय, किडनी काढावी लागेल, नंतर तपासणीत नक्की कळेल. मुलीने माझा दंड घट्ट धरला. हे मात्र शांत. डॉक्टरांनी विचारलं, "विडी, सिगारेट, तंबाखू?" नाही. "ब्लडप्रेशर?" तेही नाही. "काम काय करायचात?"

"लॅगिंग. कापसाचं."

"कापूस म्हणजे?"

"बॉयलरवर लावतात तो. पांढरा."

डॉक्टरांनी मान वर केली. "ॲस्बेस्टॉस?"

"हां, पोत्यावर तेच छापलेलं असायचं."

डॉक्टर थोडा वेळ पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, फुप्फुसाच्या रोगांशी त्याचं नातं पक्कं आहे, किडनीच्या बाबतीत इतक्या ठामपणे बोट ठेवता येत नाही. कारणं बरीच असतात. पण तुम्हाला व्यसन नाही, दुसरं काही नाही, आणि अख्खं आयुष्य त्या धुळीत गेलं, तेव्हा संशय घ्यायला जागा आहे. हे ऐकून आमचे हे शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "पण डॉक्टर, माझे सगळे एक्स-रे साफ आहेत."

"छातीचे ना? छातीच्या एक्स-रेत किडनी दिसत नाही, काका."

मला त्या मिसळी आठवल्या. प्रत्येक वर्षीची. तोंड कडू झालं.

घरी येताना मुलीच्या गाडीत हे पुढे बसले होते. कॉलेज रोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागे न बघता म्हणाले, "गुळाने केलं."

"काय?"

"गुळाने खाली उतरवली ना धूळ. छातीतून उतरली आणि किडनीत जाऊन बसली. म्हणून छाती साफ." सिग्नल सुटला, गाडी पुढे गेली. आणि मग म्हणाले, "अर्धा तुला द्यायचो मी."

मी बाहेर बघायला लागले. मला फक्त हे जगायला हवे होते. माझ्या पोटाचं मरो तिकडे.

पुढच्या वेळी मीच डॉक्टरांना विचारलं. हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. गूळ पोटात जातो, धूळ श्वासातून जाते, दोघांची वाटच वेगळी. गुळाने काही खाली नेलं नाही आणि काही अडवलंही नाही. यांनी मान डोलावली. पण घरी आल्यावर गुळाचा डबा दिसेना. शोधला तर मागच्या अंगणात कुंडीमागे पालथा, मुंग्या लागलेला. तेव्हापासून आमच्या घरात गूळ नाही. होळीला मी साखरेची पुरणपोळी केली, संक्रांतीला साखरेचा तिळगूळ केला. नणंद म्हणाली, "वहिनी, तुझी पोळी बिघडली गं यंदा." मी म्हटलं, "बिघडू दे."

ऑपरेशनच्या दिवशी यांना आत नेताना हे मला म्हणाले, "गॅसचं बुकिंग करून ठेव." माणूस मरणाच्या दारात जातो आणि बायकोला गॅस सांगतो! मला इतका राग आला की रडू आलंच नाही. नंतर आलं, बाहेरच्या बाकड्यावर बसल्यावर. मुलगी म्हणत होती, आई, एका किडनीवर लोक चांगले जगतात. मला ते माहीत होतं. मला भीती वेगळीच होती. डॉक्टर आत पोट उघडतील आणि जुना पाइप फोडल्यासारखा भसकन पांढरा धुरळा बाहेर येईल, असं डोळ्यांसमोर येत होतं. वेडेपणा आहे, कळतं मला. पण तिथे बसलेल्या बाईच्या डोक्यात काय काय येतं ते तिथे बसल्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

गाठ किडनीच्या आतच होती. अख्खी निघाली. बाहेर पसरलेली दिसली नाही असं सर्जन सांगून गेले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते बिचारे मागे सरकले. आता दर काही महिन्यांनी स्कॅन करायचा, लक्ष ठेवायचं, दुसरी किडनी जपायची. घरी आले तेव्हा यांच्या डाव्या कुशीवर हातभर खूण होती आणि हे एका अंगावर कलून चालायचे. पण चालायचे. मला वाटलं, सुटलो बाबा.

तीन-चार स्कॅन साफ आले. पण यांनी एकदाही "पास झालो" म्हटलं नाही आणि मिसळीचं नाव काढलं नाही. अशाच एका वेळेला, रिपोर्ट बघून झाले होते, आम्ही उठत होतो, आणि मुलगी मध्येच म्हणाली, "डॉक्टर, बाबांचे कपडे आई झटकायची. रोज. घरीच."

मी तिला डोळ्यांनी दटावलं. या पोरीला नको तिथे बोलायची सवय लहानपणापासून आहे.

डॉक्टर परत बसले. "किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून कंपनी बंद होईपर्यंत," मी म्हटलं. "दुसरं कोण झटकणार? पण मला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे मी."

"आणि मी ते उडायचं ते पकडायचे," मुलगी हळूच म्हणाली. "मूठ उघडून फुंकर मारायचे."

मी माझ्या पोरीकडे बघितलं, तिच्या कानाजवळ आलेल्या पांढऱ्या केसांकडे. भीती म्हणजे काय ते मला यांच्या ऑपरेशनच्या दिवशी कळलं असं मला वाटत होतं. ती निम्मीच कळली होती.

डॉक्टर सावकाश बोलले. कामगारांच्या कपड्यांवरून घरच्यांच्या छातीत धूळ गेल्याचं दिसलेलं आहे, म्हणून दोघींनी छाती तपासून घ्या. किडनीचं घरच्यांच्या बाबतीत काही सांगता येत नाही, उगाच घाबरू नका. पण पोटाची सोनोग्राफी करून घेतलीत तर मनाला शांतता. आम्ही दोघींनी एक्स-रे काढले. साफ आले. मुलीने सोनोग्राफीही करून घेतली, तीही साफ. तो रिपोर्ट ऐकून मी देवापुढे नारळ फोडला. माझी मात्र मी केली नाही. आज पापड आहेत, उद्या एकादशी आहे, परवा पाहुणे आहेत. मला ते यंत्र पोटावर नको होतं. गप्पा मारता मारता ती बाई गप्प झाली तर?

यांनी मला सोडलं नाही. डॉक्टरांनी वाट वेगळी म्हणून सांगितली तरी यांच्या मनातली वाट तीच होती, तो अर्धा खडा. सकाळी मी संडासात गेले की हे दाराबाहेर येऊन उभे राहायचे. कलून, भिंतीला हात लावून.

"साफ आहे ना गं?"

"अहो, जरा लाज बाळगा! शेजारी ऐकतील."

"ऐकू दे. साफ आहे ना?"

"साफ आहे, साफ आहे! जा, पेपर वाचा."

रोज. पाऊस असो, पाहुणे असोत. मी चिडायचे, कधी आतूनच हसायचे, कधी मुद्दाम उत्तर द्यायचे नाही, मग हे कडी वाजवायचे. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, काका रोज काय विचारतात हो? मी म्हटलं, चहाचं विचारतात. या वेळी मी गल्लीत काही सांगितलं नाही.

परवा शेजारी नातवाचं बारसं झालं. पंगत चांगली होती. बीटाची कोशिंबीर होती, दही घालून, वरून फोडणी दिलेली. मला बीट आवडतं. यांच्यामुळे माझ्या घरात ते कधी येत नाही, म्हणून मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. हे पुरुषांच्या पंगतीत होते, यांनी बघितलं नाही.

काल सकाळी मी उठले, आत गेले, आणि खाली बघितलं तर लाल.

मला माहीत होतं बीट आहे. शपथेवर सांगते, मला माहीत होतं. कोशिंबीर आठवत होती, वाटी आठवत होती, वाढणारी बाई आठवत होती. तरी मी वाकून पुन्हा बघितलं. बीटाचं असेल, बीटाचंच आहे, पण नसलं तर? बीटाच्या आड दुसरं असलं तर? बाहेर यांची पावलं आली.

"साफ आहे ना गं?"

"साफ आहे," मी म्हटलं. पाणी ओतलं. कडेला गुलाबी राहिल्यासारखं वाटलं, आणखी ओतलं. आणि माझा हात कोपऱ्यात गेला. मी ठरवून नेला नाही, तो गेला. मी खाली वाकले आणि घासायला लागले. खसाखसा.

बाहेर काहीच आवाज नाही. हे गेले असं मला वाटलं.

"दार उघड," हे म्हणाले. अगदी हळू म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात काय आहे. तो आवाज या माणसाइतका दुसरं कोण ओळखणार? मी कडी काढली. हे समोर उभे, तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

"अहो, बीट खाल्लं होतं काल बारशाला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "खरंच खाल्लं होतं. शेजारी विचारा हवं तर."

मग त्यांनी माझ्या हातातला ब्रश सोडवून घेतला.

"मी पण हेच म्हणालो होतो," ते म्हणाले.

आणि या माणसाने, ज्याला स्वतःचा पायमोजा कधी सापडला नाही, आत जाऊन माझ्या चपला शोधून आणल्या, वाकताना कुशीला एक हात लावला, आणि त्या माझ्या पायांपुढे ठेवल्या.